पहिलं विमान संथ असावं

तेरा वर्षांच्या मुलाला रेडिओवर उडवायचं पहिलं विमान कोणतं द्यावं, हा प्रश्न घरात निघाला की त्याचं उत्तर बहुतेक वेळा दुकानदार देतो, नाहीतर यूट्यूब. माझ्या ओळखीच्या एका घरात मात्र दोन जाणती माणसं हजर होती, आणि त्यांचंच एकमत होईना. एक म्हणजे मुलाचा मामा. एनसीसीच्या हवाई विभागात असताना बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापून विमानं जोडायला शिकला आणि पुढे तो नाद सुटला नाही. दुसरी मुलाची थोरली बहीण. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, फोमच्या शीटची विमानं कापते आणि जोडते, आणि विमानात जायरो बसवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. दोघांचीही विमानं मी उडवलेली आहेत, म्हणून हे बोलणं टिपून ठेवलं आणि मध्ये मध्ये माझंही मत दिलं आहे. शिकाऊ विमानाच्या अंगात नेमके कोणते गुण हवेत, हा मुलाला विमान घेऊन देणाऱ्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

मामा : पोराला तीन चॅनलचं विमान दे. थ्रॉटल, एलेव्हेटर आणि रडर, बस्स. पंख अंगाच्या वर, खालून सपाट, दोन्ही टोकं चांगली उचललेली. असं विमान जरा कललं आणि मुलगा गोंधळला, तरी त्याने नुसती स्टिक सोडायची. विमान आपलं आपण सरळ होतं.

भाची : का होतं सरळ, ते सांग ना.

मामा : वजन खाली, पंख वर. लंबक झुलून मध्यावर येतो, तसं.

भाची : सगळे हेच सांगतात, पण ते खरं नाही. लंबक खुंटीला टांगलेला असतो. विमान कशाला टांगलंय? ते कललं की पंखांची उचलही त्याच्याबरोबर तिरकी होते आणि तिची रेघ वजनाच्या मध्यातूनच जाते. मग त्याला परत फिरवणारं बळ येणार कुठून?

मामा : मग माझी विमानं इतकी वर्षं सरळ होतायत ती कशी?

भाची : आधी घसरतात म्हणून. विमान डावीकडे कललं की डावीकडे खाली घसरू लागतं. घसरलं की हवा अगदी समोरून न येता थोडी डावीकडून येते. पंखांची टोकं उचललेली असल्यामुळे ती हवा डाव्या पंखाला जास्त कोनात भेटते, उजव्याला कमी कोनात. डाव्याची उचल वाढते, उजव्याची घटते, आणि विमान परत फिरतं. पंख अंगाच्या वर असण्याचा फायदाही असाच मिळतो. डावीकडून आलेली हवा अंगाला अडते, वर चढते, आणि त्या बाजूच्या पंखाच्या मुळाशी कोन वाढवते.

मामा : म्हणजे सरळ व्हायला आधी घसरायला जागा हवी. हे मला माळावर कळलेलं आहे. दोन पुरुष उंचीवर विमान कललं आणि पोराने स्टिक सोडली, तर विमान सरळ होण्याआधी जमिनीला लागतं.

भाची : आणि फारच कललं असेल तर उंचीवरही सरळ होत नाही. नाक खाली जातं, वेग वाढतो, गोल गोल फिरत खाली येतं.

हा कारणांचा खुलासा पुस्तकी वाटेल, पण माळावर त्याचा रोज उपयोग होतो. स्टिक सोडण्याचा उपाय उंची असेल तरच चालतो, आणि कल थोडा असेल तरच. म्हणून शिकवणाऱ्याने विमान स्वतः वर न्यावं, तीस-चाळीस मीटरवर ट्रिम करून सरळ उडतं करावं आणि मगच ट्रान्समीटर मुलाच्या हातात द्यावा. लंबकाची गोष्ट सांगितली की मुलाला वाटतं, विमान कुठेही आणि केव्हाही सावरेल. तो भरवसा खोटा आहे.

भाची : आता दुसरी गोष्ट. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात ऊन चढलं की माळावर वारा उठतो. टोकं उचललेल्या पंखाला वारा बाजूने लागला तर काय होतं?

मामा : डुचमळतं.

भाची : डुचमळतं, कारण त्याला वाटतं आपण घसरतोय. ज्या गुणाने ते शांत हवेत सरळ होतं, त्याच गुणाने ते झुळकीसरशी दुसऱ्या बाजूला लोळतं. राइट बंधूंनी १९०३ सालच्या त्यांच्या विमानाच्या पंखांची टोकं खाली झुकवली होती, उचलली नव्हती. समुद्रकाठचा बाजूचा वारा त्यांना छळत होता.

मामा : राइट बंधूंचं सांगतेस, तर त्यांनी १९०२ साली ग्लायडरवर शेकडो झेपा घेऊन हात बसवला होता तेही सांग. आणि त्यांच्या तीस वर्षं आधी, १८७१ साली, आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं एक इवलंसं विमान पॅरिसच्या बागेत लोकांसमोर उडवलं. पंखांची टोकं वर, मागे शेपूट. आत माणूस नाही, हातात रेडिओ नाही, तरी ते अकरा सेकंद नीट उडालं. आपलं शिकाऊ विमान त्या घराण्यातलं आहे. ज्याला उडवता येत नाही त्याच्या हातीही जे उडतं, ते शिकाऊ विमान.

भाची : उडवता येत नाही त्याला ते उडवायला शिकवतं का, हा माझा प्रश्न आहे.

इथे भाचीने आपलं खरं म्हणणं पुढे मांडलं. तिच्या मते स्थैर्य विमानाच्या आकारात कोंबण्याचे दिवस गेले. नखाएवढ्या चिपमध्ये तीन अक्षांचा जायरो येतो, विमान किती आणि कुठे कलतंय ते क्षणोक्षणी मोजतो आणि सर्वोला परस्पर हुकूम देतो. सगळं मिळून दहा-पंधरा ग्रॅमचं प्रकरण. विमानाला चारही चॅनल द्यावेत, पंखाला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, लावाव्यात, टोकं फार उचलू नयेत, आणि नवशिक्याचं रक्षण जायरोवर सोपवावं.

भाची : तुझा भाचा तेजस या लढाऊ विमानाचं मॉडेल मागतोय. खरं तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेलं आहे. उड्डाण-संगणकाशिवाय ते कोणालाच उडवता येणार नाही. मग आपल्या छोट्या विमानात संगणक असला तर कमीपणा कसला?

मामा : कमीपणा नाही. पण तेजसमध्ये बसणारा वैमानिक आधी शिकाऊ विमानांवर शिकूनच तिथे पोचतो. आपल्या हवाई दलाने वर्षानुवर्षं एचटी-२ वर मुलं घडवली. १९५१ साली उडालेलं ते विमान, आपल्या डॉ. वि. मा. घाटग्यांच्या हाताखाली बंगलोरला तयार झालं.

भाची : बरं झालं नाव घेतलंस. एचटी-२ चे पंख अंगाच्या खाली होते, वर नव्हते. तरी मुलं शिकलीच ना?

मामा : शिकली, कारण दुसऱ्या आसनावर शिक्षक बसलेला असायचा. आपला शिक्षक कुठे बसणार? एक तर मुलाच्या शेजारी उभा राहून, दोन ट्रान्समीटर केबलने जोडून. ती सोय नसेल तर शिक्षक विमानाच्या अंगातच असायला हवा. मी तो आकारातून आणतो, तू चिपमधून.

भाची : तेच म्हणतेय. मग चिप का नको?

मामा : चिप मुलाच्या हाताला खोटं शिकवते म्हणून. स्वतः सरळ करणाऱ्या मोडवर वळण घेताना मुलगा काय करतो ते कधी पाहिलंयस? एलेरॉनची स्टिक डावीकडे नेतो आणि वळण संपेपर्यंत तशीच धरून ठेवतो. सोडली की विमान सरळ. म्हणजे त्याच्या स्टिकचा अर्थ होतो ‘इतकं कल’. जायरो बंद केला की त्याच स्टिकचा अर्थ होतो ‘कलत राहा’. सवयीने धरून ठेवली की विमान कलत कलत पाठीवर जातं. चार चॅनलच्या विमानात स्टिक नेऊन कलवायचं, लगेच मध्यावर आणायची, एलेव्हेटर किंचित ओढून वळण घ्यायचं आणि बाहेर पडताना उलटी स्टिक द्यायची. या चार गोष्टी चिपने शिकलेल्या मुलाला नव्याने शिकाव्या लागतात.

भाची थोडी थांबली, आणि मग तिने दिलेलं उत्तर मला या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

भाची : मान्य. पण मामा, तुझ्या तीन चॅनलच्या विमानात तरी दुसरं काय होतं? टोकं इतकी उचललेली, की रडर सोडला की ते सरळ होणार. म्हणजे वळण संपेपर्यंत रडर धरूनच ठेवावा लागतो. सवय तीच लागते. चिपने लावली काय आणि टोकांच्या उचलीने, म्हणजे डायहेड्रलने, लावली काय.

मामा : हं.

भाची : मग आपण दोघंही त्याच चुकीच्या जागी उभे आहोत.

मामाकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. शिकाऊ विमान म्हटलं की आपण ‘स्थिर’ हा शब्द सहज जोडतो. पण स्थैर्य एका मर्यादेपलीकडे गेलं की ते वैमानिकाच्या हातातलं काम काढून घेतं, आणि ज्या हाताला काम नाही तो शिकत नाही. थोडं स्थैर्य हवंच. हात गोंधळला तर विमानाने लगेच अंगावर येऊ नये, इतकं. पण नवशिक्याची खरी अडचण वेगळी असते. कललेलं विमान त्याला दिसतं, कोणत्या बाजूला स्टिक न्यायची तेही तो शोधून काढतो, फक्त त्याला त्यासाठी एखाद-दुसरा सेकंद लागतो. तो सेकंद त्याला मिळाला पाहिजे, आणि तो देतो संथपणा. आणि संथपणा ठरतो मुख्यतः वजनावर, म्हणून इथून पुढे मी त्यांचं बोलणं वजनाकडे वळवलं.

भाचीने धाकट्यासाठी आधीच एक विमान कापून जोडलं होतं. पंखाची लांबी १.२ मीटर, रुंदी २० सेंटिमीटर. १००० केव्हीची ए२२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, नऊ ग्रॅमचे चार सर्वो. कागदावरचा हिशोब ७०० ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला काटा आणून विमान त्यावर ठेवलं तर आकडा आला १०८०.

मामा : एवढं कुठून आलं?

भाची : २२०० ची बॅटरी असायला हवी होती, तिथे जास्त वेळ उडावं म्हणून मोठी टाकली. चाकं आणि त्यांची जाड तार. मागे कॅमेऱ्याची जागा केली, त्याला प्लाय लावलं. स्प्रेचे दोन हात. आणि हॉट ग्लू जरा सढळ हाताने गेलाय.

मामा : आणि शेपटीत इतकं वजन गेल्यावर सीजी, म्हणजे वजनाचा मध्य, मागे आला असेल.

भाची : आला. म्हणून नाकात शिसं ठेवलं.

मामा : शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात दोन-तीन ग्रॅम द्यावे लागतात, कारण शेपूट पंखापासून लांब असते आणि नाक जवळ. बाल्साच्या काळात आम्ही शेपटीकडची प्रत्येक पट्टी घासून बारीक करायचो, ती यासाठी.

काट्यावरच्या त्या आकड्याचा उड्डाणाशी संबंध काय, ते आकड्यांतच सांगतो. या विमानाच्या पंखाचं क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. ७२० ग्रॅम वजन असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ३० ग्रॅमचा भार येतो. याला मॉडेलवाले विंग लोडिंग म्हणतात. या भाराला आपल्याकडच्या उन्हाळी, दख्खनच्या उंचीवरच्या विरळ हवेत विमान साधारण ताशी २५ किलोमीटरपर्यंत हळू उडू शकतं, त्याखाली स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. वजन १०८० ग्रॅम, म्हणजे दीडपट झालं की भार ४५ ग्रॅम आणि स्टॉलचा वेग ताशी ३१ किलोमीटर. पंचवीसचे एकतीस, फरक थोडा वाटतो. पण वळणाला लागणारी जागा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीही दीडपट. आणि जमिनीवर आदळताना जी ऊर्जा फोमला सोसावी लागते ती वजन गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे सव्वादोनपट. हलकं विमान ज्या पडण्यातून टेप लावून परत उडतं, त्याच पडण्यात जड विमानाच्या मोटरचा माउंट नाकासकट आत जातो.

भाची : मोठ्या शिकाऊ विमानांचा भार याहून जास्त असतो ना? ४० साइझच्या इंजिनवाल्या ट्रेनरचा चाळीस-पन्नास ग्रॅम तर सहज.

मामा : त्यांचे पंख दीड-पावणेदोन मीटरचे. मोठ्या विमानाला तेवढा भार पेलतो, आणि ते लांबून नीट दिसतंही. १.२ मीटरच्या विमानाला ४५ म्हणजे ते धावतच राहणार. धाकट्याला विचार करायला वेळ कुठला?

भाची : बॅटरी बदलते. चाकं काढते. गवतावर पोटावर उतरेल.

मामा : आणि चाकांची तार गेली की नाकातलं शिसंही बघ. सीजी पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शात हवा. २० सेंटिमीटरच्या पंखाला ५ ते साडेसहा सेंटिमीटर. पहिल्या उड्डाणाला पाच-साडेपाचवर ठेव. दोन बोटांवर धरलं की नाक किंचित खाली झुकलं पाहिजे.

सीजीबद्दल याहून जास्त बोलायची गरज नाही. तो मागे असेल तर एलेव्हेटरच्या नुसत्या स्पर्शाने विमान उसळतं आणि नवशिक्याच्या हाती ते क्षणभरही ठरत नाही. उड्डाणाआधी दोन बोटांवर विमान तोलायला काही सेकंद पुरतात.

आता स्टॉल. मुलांची विमानं पडतात ती बहुतेक वळणात, आणि दर वेळी त्याच क्रमाने. मुलगा जास्त कलवतो, नाक खाली जातं, तो घाबरून एलेव्हेटर ओढतो, आणि विमान एक पंख टाकून कोसळतं.

मामा : सरळ उडताना ज्याचा स्टॉल ताशी २५ ला आहे, त्याचा ४५ अंश कललेल्या वळणात उंची राखताना ३० ला होतो. साठ अंश कलवलं की ३५ ला. धाकटा आरामात ताशी ३६ ने उडतोय असं समज. साठ अंशांवर त्याच्या हाती काहीच शिल्लक राहिलं नाही. आणि तुझ्या १०८० ग्रॅमच्या विमानात तर तो त्या आधीच खाली.

भाची : जायरो कल मर्यादित ठेवतो ना. चाळीस-पंचेचाळीस अंशांपलीकडे जाऊच देत नाही.

मामा : कल मर्यादित ठेवतो, वेग कोण ठेवणार? पोराने थ्रॉटल कमी केलेला असेल आणि स्टिक ओढून धरली असेल, तर तुझा जायरो नाक वर धरण्याचाच प्रयत्न करील. विमान हळू होत होत स्टॉल होईल. एक पंख पडू लागला की जायरो त्या बाजूचा एलेरॉन खाली करील आणि आधीच स्टॉल झालेल्या पंखाचा कोन आणखी वाढवील.

भाची : हे खरंय. हवेचा वेग मोजणारं काही त्यात नसतं.

मामा : म्हणून पंखाचा आकार महत्त्वाचा. तू हा मुळापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीचा कापलास ते चांगलं केलंस. असा पंख मुळाशी आधी स्टॉल होतो, टोकं धरून राहतात, विमान नाक खाली घालून पुन्हा वेग पकडतं. लढाऊ विमानांच्या मॉडेलसारखा टोकाला निमुळता पंख आधी टोकालाच स्टॉल होतो, आणि मग विमान उलटतं.

भाचीने मला विचारलं की प्रत्यक्ष उडवताना मुलाला सर्वांत अवघड काय जातं. माझं उत्तर आहे, समोरून येणारं विमान. ते आपल्यापासून दूर जात असतं तोवर डावं ते डावं असतं. वळून आपल्याकडे येऊ लागलं की तेच उलटं. मुलगा उजवी बाजू खाली गेलेली पाहतो, स्टिक डावीकडे नेतो आणि विमान आणखी कलवून बसतो. याला एक साधा उपाय आहे: विमान तोंडावर येत असेल तेव्हा जो पंख खाली दिसतो त्याच्याच बाजूला स्टिक न्यायची. डावं-उजवं मनात उलटवत बसायचं नाही. सिम्युलेटरवर घरी याचा सराव होतो, आणि तो अवश्य करावा.

पण हा उपाय लागू करायला विमान कोणत्या बाजूला कललंय ते दिसायला तरी हवं. १.२ मीटरचं विमान दीडशे मीटरवर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून थोडं लहान दिसतं. त्यात त्याचा कल ओळखायचा. साठ सेंटिमीटरच्या खेळण्यासारख्या विमानाला हेच अंतर पाऊणशे मीटर. लहान विमान लहान मुलाला, हा सरळ वाटणारा हिशोब इथे अगदी फसवा ठरतो. पंखाच्या वरच्या बाजूला फिका रंग, खाली गडद आणि एका टोकाला वेगळ्या रंगाचा रुंद पट्टा, एवढं केलं तरी डोळ्यांवरचा ताण बराच कमी होतो. रंगाऐवजी रंगीत टेप लावावी. ती हलकी असते.

भाची : वाऱ्याचं काय सांगायचं धाकट्याला?

मामा : सकाळी उडवायचं, ऊन चढायच्या आत. आणि वारा असलाच तर एक गोष्ट डोक्यात ठसवायची. विमान ताशी ३६ ने उडतंय आणि वारा १२ चा आहे. वाऱ्याविरुद्ध जाताना जमिनीवरून बघणाऱ्याला ते २४ ने जाताना दिसतं, वाऱ्याबरोबर ४८ ने. विमानाला हवेत दोन्हीकडे ३६ च. पण पोराला वाटतं विमान सुसाट सुटलं, तो थ्रॉटल खेचतो, एलेव्हेटर ओढतो, आणि हवेतला वेग स्टॉलच्या खाली नेतो.

भाची : तीन चॅनल की चार, त्यावर तुझं काय ठरलं?

मामा : चार. माझी तीन चॅनलची गोष्ट मी मागे घेतो. पण डायहेड्रल पूर्ण काढू नकोस.

भाची : दोन्ही बाजूंना तीन-तीन अंश ठेवते. टोकं तीन सेंटिमीटर उचललेली. एलेरॉन वर जास्त, खाली कमी जातील असे जोडते, म्हणजे वळताना नाक उलट्या बाजूला जाणार नाही. मोटर किंचित उजवीकडे आणि किंचित खाली झुकवलेली. थ्रॉटल दिला की ते डावीकडे ओढणार नाही आणि नाक वर करणार नाही. स्टिकच्या मधल्या भागाला एक्स्पो, म्हणजे तिथे विमान सौम्य वागेल.

मामा : आणि जायरो?

भाची : ठेवते. फक्त झुळका मारणाऱ्या मोडवर, सरळ न करणाऱ्या. आपोआप सरळ करणारा मोड एका स्विचवर, फक्त सावरण्यासाठी.

मामा : तो स्विच शिकवणाऱ्याच्या हातात. आणि दर वेळी उडवण्याआधी विमान हातात धरून उजवीकडे कलव. उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. वर गेला, तर जायरो उलटा जोडलाय आणि विमान पहिल्याच सेकंदाला लोळणार.

भाचीने ते विमान पुन्हा उघडलं. चाकं, कॅमेऱ्याची जागा आणि नाकातलं शिसं निघालं, शेपटी नव्या पातळ शीटची झाली, पंखावरचा रंग खरवडून टेप लागली, बॅटरी २२०० ची. पुन्हा काट्यावर ठेवलं तेव्हा आकडा ७३५ होता. धाकट्याला तेजस हवं होतं, त्याला हे खोक्यासारखं विमान पाहून वाईट वाटलं हे खरं. पण पहिल्या विमानाची निवड त्याच्या रूपावरून करू देऊ नये, याबाबत मामा, भाची आणि मी तिघंही ठाम आहोत.

पालकांना माझी विनंती एवढीच, की दुकानात विमान पाहताना त्याचा रंग आणि वेग विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: उडण्याच्या तयारीतलं वजन, पंखाची लांबी आणि पंखाची रुंदी. लांबी-रुंदी डेसिमीटरमध्ये गुणा, ग्रॅममधल्या वजनाला त्याने भागा. मीटर-सव्वामीटरच्या विमानाला उत्तर ३० च्या आसपास आलं तर घ्या, ४० च्या वर गेलं तर सोडून द्या. प्रॉपेलर लावलेला असताना घरात बॅटरी जोडू नका. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर हिरव्या भागात येणारं, विमानतळापासून लांबचं मोकळं रान शोधा, आणि पहिल्या उड्डाणाला ज्याला उडवता येतं अशा माणसाला बरोबर न्या. तो बहुतेक वेळा आनंदाने येतो.